कांचपेटींतील समुद्रास कोपेपॉडांची जोड

समुद्राचें पाणी, समुद्रांतील सच्छिद्र खडक, प्रवाळें आणि रंगीबेरंगी मासे ज्या कांचपेटींत एकत्र नांदतात, ती पेटी आपल्यापैकीं बहुतेकांनीं एखाद्या मत्स्यसंग्रहालयांतच पाहिली असेल. परदेशांत मात्र पुष्कळ लोक अशी पेटी आपल्या घरांत बाळगतात. सोनेरी मासे पाळण्यापेक्षां हा छंद बराच कठीण आहे. सोनेरी माशास चिमूटभर खाणें टाकलें आणि वेळच्या वेळीं पाणी बदललें कीं बहुतेक काम भागतें. परंतु प्रवाळांच्या पेटींत मनुष्याला एक लहानसा समुद्रच चालवावा लागतो. अशा जुन्या, स्थिरावलेल्या पेटींत कोपेपॉड नांवाचे सूक्ष्म जीव कां व कसे सोडावेत, हा ह्या लेखाचा विषय आहे. ह्या बाबतींत आम्हांस जें थोडें कळलें तें बहुतेक चुकांमधून कळलें, आणि त्यांतील एका चुकीपायीं एका सुंदर जीवाचे प्राण गेले. म्हणून ती हकीकत न लपवितां सांगतों.

इ. स. २०२३ सालीं आम्ही कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहरीं आमच्या पुतण्याकडे कांहीं महिने राहिलों होतों. त्याच्या दिवाणखान्यांत सुमारें २८० लिटर पाण्याची एक पेटी होती. ती दोन वर्षांची जुनी होती. ह्या छंदांतील लोकांच्या भाषेंत ती चांगली बसलेली होती. पाण्याचा खारेपणा समुद्राइतकाच, म्हणजे दर हजार भागांस ३५ भाग क्षार, उष्णता सेंटिग्रेडच्या २५ अंशांच्या आसपास, खडकांवर जांभळट चुनखडी शैवालाचा थर, मऊ प्रवाळांचीं डोलणारीं झुडपें, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे, आणि सहा निळ्या रेघांचा, क्षणभर स्वस्थ न बसणारा एक रॅस जातीचा मासा, असा तो संसार होता. पेटीखालच्या कपाटांत दुसरी एक टांकी होती. वरचें पाणी तिच्यांत उतरे, गाळणीच्या पिशवींतून व फेस काढणाऱ्या यंत्रांतून जाई, आणि पंपानें पुन्हां वर चढे.

पुतण्याच्या नऊ वर्षांच्या कन्येस वाढदिवसाला मँडरिन मासा हवा होता. हा मासा पश्चिम प्रशांत महासागरांत, फिलिपाईन्स, इंडोनेशिया वगैरे बेटांच्या प्रवाळांत राहतो. १९२७ सालीं आल्बर्ट हेर ह्या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याला दिलेल्या नांवांत ‘स्प्लेंडिडस’, म्हणजे तेजस्वी, हा शब्द घातला. बोटभर लांबीचा हा जीव पाहिल्यावर तो शब्द उणाच वाटतो. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी काढलेली, जणूं पैठणीचा तुकडाच पाण्यांत सुटला आहे. बहुतेक प्राण्यांच्या अंगावरील निळाई हा निव्वळ प्रकाशाचा खेळ असतो. ह्या माशाच्या कातडींत मात्र खरोखरीचें निळें रंगद्रव्य आहे. त्याला खवले नाहींत, अंगावर बुळबुळीत थर असतो, आणि तो पंखांच्या आधारानें खडकावरून जणूं चालत चालत दिवसभर कांहींतरी टिपीत असतो.

तें कांहींतरी म्हणजेच कोपेपॉड व त्यांच्यासारखे इतर बारीक जीव. ही गोष्ट दुकानदारानें सांगितली होती. आम्हीं ती नीट ऐकली नाहीं. वरून टाकलेलें कोरडें खाणें ह्या माशानें हुंगलेंसुद्धां नाहीं. तो खडक टिपीत राहिला, आणि तो टिपतो आहे हें पाहून आम्ही समाधान मानीत राहिलों. तिसऱ्या आठवड्यांत मुलीनें विचारलें, “आजोबा, ह्याचें पोट आंत कां गेलें?” पाहतों तों खरेंच, पोटाच्या जागीं खळगी पडली होती आणि पाठीचा कणा कातडीखालीं रेघेसारखा दिसत होता.

येथें हकीकत थोडी बाजूस ठेवून हे कोपेपॉड कोण तें सांगितलें पाहिजे. हा शब्द ग्रीक आहे; वल्ह्यासारखे पाय असलेला असा त्याचा अर्थ. खेंकडा, कोळंबी, शेवंड ह्यांचा जो कवचधारी वर्ग, त्यांतील हे अगदीं धाकटे भाऊबंद होत. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आगेंमागें, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी. शरीर पुढें रुंद व मागें निमुळतें. पुष्कळांच्या कपाळावर मधोमध तांबडा असा एकच डोळा. आणि मादी असली तर शेपटीपाशीं अंड्यांची एक किंवा दोन पिशव्या लटकत असतात. अंड्यांतून निघणारें पिलूं आईबापांसारखें मुळींच दिसत नाहीं. तें सहा अवस्थांतून जातें, मग त्याचें रूप पालटतें, आणि आणखी सहा अवस्थांनंतर तें प्रौढ होतें. म्हणजे ह्या खसखशीएवढ्या प्राण्यास आयुष्यांत अकरा वेळां कात टाकावी लागते. इतका खटाटोप तो उबदार पाण्यांत कांहीं जातींत दहाबारा दिवसांतच उरकतो.

समुद्रांतील सूक्ष्म शैवाल हें जर गवत मानलें, तर कोपेपॉड हीं त्यावर चरणारीं गुरें होत. शैवाल इतकें बारीक असतें कीं बहुतेक माशांना तें खातां येत नाहीं. कोपेपॉड तें खातात, आणि कोपेपॉडांस माशांचीं पिलें खातात. आपण ताटांत घेतों त्या पुष्कळ माशांचें पहिलें अन्न हेंच. १९५९ ते १९६५ ह्या काळांत अनेक राष्ट्रांनीं मिळून हिंदी महासागराचें संशोधन केलें. तेव्हां बारीक जाळ्यांनीं गोळा केलेले तरंगत्या जीवांचे नमुने कोचीन येथें आणून निवडण्यांत आले. आणि अशा नमुन्यांत बहुधा सर्वांत मोठी संख्या कोपेपॉडांचीच भरते. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे.

आमच्या पालक वाचकांपैकीं जे वयोवृद्ध आहेत त्यांची ह्या कुळाशीं निराळीच ओळख असेल. पूर्वीं आपल्याकडे पायविहिरींचें पाणी पिणाऱ्या गांवांत नारूचा रोग होत असे. पायांतून वीतवीतभर लांबीचा, किंवा त्याहूनही मोठा, कृमि बाहेर पडे. त्या कृमीचीं पिलें पाण्यांतील ज्या सूक्ष्म प्राण्याच्या पोटांत वाढत, तो सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यांतील कोपेपॉडच. ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसावरून त्याला हें नांव पडलें. पाणी दुपदरी फडक्यानें गाळून घ्यावें असें सांगत, त्याचें कारण हा प्राणी फडक्यावर अडकतो. त्या साध्या फडक्यानें, विहिरींच्या सुधारणेनें व पाण्यांत टाकलेल्या औषधांनीं तो रोग हटला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. एकाच कुळांतील एक प्राणी माणसास रोग देणारा आणि दुसरा लक्षावधि माशांस पोसणारा! समुद्रांतील कोपेपॉडांचा नारूशीं कांहीं संबंध नाहीं, हेंही येथें सांगून ठेवतों. नाहीं तर एखादी आई पेटी घराबाहेर काढावयास लावील.

आतां पुन्हां सॅन डिएगोच्या दिवाणखान्याकडे वळूं. माशाची दशा पाहून पुतण्यानें तांतडीनें जिवंत कोपेपॉडांची एक बाटली विकत आणली. तीत पांच हजार जीव आहेत असें वर लिहिलें होतें. उजेडांत धरली तों नारिंगी ठिपके झटके देत वरखालीं करतांना दिसले. आम्हां सर्वांस फार हुरूप आला. भर दुपारीं, दिवे लागलेले, पंप चालू, सर्व मासे जागे, अशा वेळीं आम्हीं बाटलीचें बूच काढून ती पेटींत उपडी केली.

पुढें काय झालें तें सांगावयास फार शब्द नकोत. क्लाऊन मासे वर येऊन मिटक्या मारीत राहिले. रॅस तर वेडा झाल्यासारखा इकडून तिकडे धांवत एकेक ठिपका टिपीत होता. त्यांच्या तोंडून जे वांचले ते पाण्याबरोबर खालीं जाऊन गाळणीच्या पिशवींत अडकले. मँडरिन हा सावकाश जेवणारा मासा. तो पंगतीस पोंचेपर्यंत ताटें उचललीं गेलीं होतीं. तिसऱ्या दिवशीं रात्रीं बत्ती घेऊन पाहिलें तर कांचेवर एकही ठिपका नव्हता.

आमच्या नातीनें ह्या वेळीं एक काम केलें, तें कोणत्याही शाळेंतील विद्यार्थ्यास शोभेल असें होतें. तिनें घड्याळ पुढें ठेवून मासा किती वेळां टिपतो तें मोजलें. पांच मिनिटांत तीस वेळां, म्हणजे मिनिटास सहा वेळां. तासाला तीनशें साठ, आणि बारा तासांच्या दिवसास चार हजार तीनशें वीस. दर टिपण्यास भक्ष्य मिळत नाहीं हें खरें. निम्म्या वेळां मिळालें असें धरलें तरी दोन हजारांवर झालें. ह्या हिशेबानें पांच हजारांची अख्खी बाटली एकट्या त्याला मिळाली असती तरी ती तीन दिवसही पुरली नसती. तिनें हा हिशेब आम्हांस दाखविला तेव्हां आमची चूक खरी कुठें होती तें ध्यानांत आलें. बाटली हें मुद्दल होतें आणि आम्ही तेंच खर्चावयास निघालों होतों. मासा जगावयाचा तर पेटींत मुद्दल शाबूत राहून रोजच्या रोज व्याज निघालें पाहिजे, म्हणजे कोपेपॉडांची वीण तेथेंच होत राहिली पाहिजे.

हें कळण्यास उशीर झाला होता. चवथ्या आठवड्यांत एके सकाळीं मासा खडकाच्या कडेला निपचित पडलेला सांपडला. मुलगी दोन दिवस पेटीकडे फिरकली नाहीं. तिच्या बापानें दुसरा मासा आणण्याचें आश्वासन दिलें, तेव्हां ती म्हणाली, “आधीं त्याचें जेवण तयार होऊं दे, बाबा.” त्यावर आम्हां मोठ्या माणसांजवळ उत्तर नव्हतें.

आपण बाटलींतून काय आणलें होतें हें आम्हीं मग नीट शोधलें. ते नारिंगी जीव टिग्रिओपस कॅलिफोर्निकस ह्या जातीचे होते, आणि योगायोग असा कीं त्यांचें मूळ घर त्याच किनाऱ्यावर आहे. एका रविवारीं ओहोटीच्या वेळीं आम्ही समुद्रकांठच्या खडकांवर गेलों. भरतीच्या रेषेच्याही वर, जेथें केवळ लाटांचे तुषार उडून येतात, अशा खळग्यांतील डबक्यांत भिंगानें पाहिलें तों तेच तांबूस ठिपके शेंकड्यांनीं पोहत होते. कांहीं नर तरुण माद्यांना धरून जोडीनें हिंडत होते. ही ह्या जातीची रीतच आहे. हें डबकें उन्हानें आटलें कीं समुद्राहून कितीतरी खारट होतें, पाऊस पडला कीं जवळजवळ गोडें. दिवसा तापतें, रात्रीं गार पडतें. तें सर्व हा प्राणी सोसतो. त्याला सोसवत नाहीं ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे खाणारा शेजारी. खालच्या डबक्यांत त्याला खाणारे मासे व इतर प्राणी असतात म्हणून तो तेथें टिकत नाहीं. वरच्या डबक्यांत ते नसतात म्हणून तेथें तो सुखानें राहतो. अशा ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या गेल्यामुळें लपावें कसें हें त्याला ठाऊक नाहीं. तो उघड्या पाण्यांत झटके देत पोहतो, अंगानें नारिंगी असतो, आणि माशाच्या नजरेंत तत्काळ भरतो. माशाला मेजवानी द्यावयाची तर हा उत्तम. वसाहत करावयाची तर उपयोग थोडा. आम्हीं त्या डबक्यांतून एक थेंबही उचलला नाहीं. किनाऱ्यावरील जीव गोळा करण्यास तेथें नियम आहेत, आणि ते बरे आहेत.

वसाहतीसाठीं निराळी जात लागते. टिस्बे नांवाचे कोपेपॉड फिकट रंगाचे, टिग्रिओपसहून लहान, आणि पोहण्यापेक्षां सरपटणारे असतात. खडकांच्या भोकांत, वाळूच्या कणांत, कांचेवरील शेवाळाच्या पातळ थरांत ते दिवस काढतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. शेवाळ, कुजका गाळ, उरलेलें अन्न, जें मिळेल तें खातात. त्यामुळें पेटीची थोडी झाडलोटही होते. त्यांचीं बारीक पिलें प्रवाहांत तरंगूं लागलीं कीं कांहीं प्रवाळेंही तीं धरून खातात. सदैव पाण्यांत तरंगणाऱ्या तिसऱ्या एका प्रकारचे कोपेपॉड समुद्रांत विपुल आहेत, परंतु पंप व गाळणी असलेल्या घरगुती पेटींत त्यांचा निभाव लागणें अवघड.

खरें पाहतां दोन वर्षांच्या पेटींत कोपेपॉड आधींपासूनच होते. समुद्रांतून आणलेल्या खडकांबरोबर ते येतातच. मग ते वाढले कां नाहींत? कारण रॅस त्यांना दिवसभर वेंचीत होता, पाणी फार स्वच्छ ठेवल्यामुळें त्यांना खाण्यास थोडें होतें, आणि पंप व पिशवी उरलेल्यांना ओढून नेत होती. ह्या तिन्ही गोष्टी न बदलतां शंभर बाटल्या ओतल्या असत्या तरी परिणाम तोच झाला असता. आम्हांस वाटतें, ह्या सर्व विषयांतील मर्म इतकेंच आहे. दुकानांतील जाहिरातींत तें सांपडत नाहीं, कारण बाटली विकतां येते, सबुरी विकतां येत नाहीं.

म्हणून प्रथम घर बांधलें, पाहुणे मागाहून बोलाविले. रॅसला पुतण्यानें आपल्या एका मित्राच्या मोठ्या पेटींत नेऊन सोडलें. खालच्या टांकीचा एक तृतीयांश भाग कांचेनें अडवून तेथें माशांना जातां येणार नाहीं अशी आश्रयाची जागा केली. तीत केसांच्या गुंतवळासारखें दिसणारें कीटोमॉर्फा नांवाचें हिरवें शैवाल सोडलें, खडकाचे लहान तुकडे ढीग करून रचले, आणि वर एक लहान दिवा बसविला. तो दिवा रात्रीं जळे व दिवसा मालवला जाई. वरच्या पेटींत अंधार असतां खालीं शैवाल वाढत राही आणि पाण्यांतील प्राणवायु फार उतरत नसे. ह्या शैवालानें पाण्यांतील नको असलेले क्षारही शोषले जातात, हा दुसरा लाभ. गाळणीची पिशवी रोज न ठेवितां आठवड्यांतून दोन दिवसच लावावयाचें ठरलें.

मग टिस्बेच्या दोन बाटल्या आल्या. प्रथम त्या जिवंत आहेत ना हें पाहिलें. थोडें पाणी पांढऱ्या वाटींत घेऊन एका बाजूनें बत्ती धरली; हालणारे कोण आणि तळाशीं बसलेले कोण हें लगेच कळलें. वाटेंत बाटली तापली तर निम्मे जीव मेलेले असतात, आणि तें मेलेलें द्रव्य पेटींत ओतणें म्हणजे पाणी नासविणें होय. नंतर बंद बाटल्या अर्धा तास पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून उष्णता सारखी होऊं दिली, आणि मग पेटींतील पाणी थोडें थोडें त्यांत मिसळीत गेलों.

दिवे मालवून एक तास झाला, मासे आपापल्या कोपऱ्यांत स्थिर झाले, तेव्हां पंप व फेसाचें यंत्र बंद केलें. लांब नळी लावलेल्या पिचकारींत ते जीव भरून खडकांच्या खोल भेगांत अगदीं हळूं सोडले. निम्मे वर सोडले, निम्मे खालीं आश्रयाच्या जागेंत. अर्ध्या तासांत ते खडकाला चिकटले. येथें एक सूचना मोठ्या अक्षरांत लिहून पेटीवर चिकटवावी अशी आहे: पंप पुन्हां सुरू करण्यास विसरूं नये! आम्ही विसरलों. मध्यरात्रीं पाणी प्यावयास उठलों तों दोन्ही क्लाऊन मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड वासून श्वास घेत होते. रात्रीं शैवाल प्राणवायु देत नाहीं, उलट घेतें. खालचा दिवा जळत होता, परंतु पंप बंद असल्यामुळें तेथलें पाणी वर चढत नव्हतें. आणखी दोन तास निजून राहिलों असतों तर हा लेख लिहिण्याचें धैर्य झालें नसतें. तेव्हांपासून घंटी वाजविणारें घड्याळ लावल्यावांचून पंपास हात लावावयाचा नाहीं असा नियम झाला.

त्यानंतर रोज सायंकाळीं थोडें हिरवें पाणी, म्हणजे सूक्ष्म शैवालाचें विरजण म्हणा, पेटींत घालूं लागलों. किती घालावें ह्याची आमची खूण अशी कीं दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी पुन्हां निवळशंख झालें पाहिजे. निवळलें नाहीं तर खाणारे कमी आणि अन्न जास्त. तें अन्न कुजून पाणी बिघडतें व नको तें शेवाळ माजतें. अधीरपणा येथेंही नडतो. पहिल्या आठवड्यांत आम्हीं दुप्पट माप घातलें आणि कांचेवर तपकिरी लेप बसला. माप कमी केल्यावर तो हळूहळू गेला.

मोजणीचें काम नातीनें आपणहून घेतलें. कांचेवर बाहेरून कागदाची एक चौकट, एक वीत लांब व एक वीत रुंद, चिकटविली. दर शनिवारीं दिवे मालवून दोन तास झाले कीं लाल कागद गुंडाळलेली बत्ती घेऊन ती त्या चौकटींतले ठिपके मोजी. लाल उजेड अशासाठीं कीं त्याची ह्या जीवांना फारशी चाहूल लागत नाहीं. पांढरी बत्ती लावली कीं कांहीं पळून जातात व कांहीं उजेडाकडे धांवून येतात, आणि मोजणी खोटी पडते. पहिल्या शनिवारीं तीन. दुसऱ्या शनिवारीं एकही नाहीं. त्या रात्रीं ती रडकुंडीस आली होती. आम्हीं तिला पिलांच्या बारा अवस्था पुन्हां समजावून सांगितल्या; पहिल्या अवस्थेंतील पिलूं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें असतें, तें ह्या बत्तीनें दिसावयाचें नाहीं. तिसऱ्या शनिवारीं सात, चवथ्या शनिवारीं एकोणीस, आणि पुढच्या खेपेस तिनें “मोजतां येत नाहींत” असें वहींत लिहिलें. हा शास्त्रीय आंकडा नव्हे असें आम्हीं म्हटलें. तेव्हां तिनें चौकटीचे चार भाग करून एकच भाग मोजला व चारानें गुणिलें. उत्तर आलें एकशें चवेचाळीस.

ह्या ठिकाणीं दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली अशी कीं सर्वच कोपेपॉड उपकारी नसतात. कांहीं माशांच्या अंगावर चिकटून त्यांचें रक्त व कातडी खातात; एक बारीक पिंवळी जात अॅक्रोपोरा नांवाच्या फांद्यांच्या प्रवाळावर राहून त्याला क्षीण करिते. म्हणून खात्रीच्या पैदाशीचेच जीव घ्यावेत. दुसरी अशी कीं माशांच्या कांहीं रोगांवर तांबेयुक्त औषध देतात; तें प्रवाळांच्या पेटींत कधींही घालूं नये. तांबें प्रवाळांस घातक आहेच, आणि कवचधारी जीवांसही तें विष आहे. महिनोन् महिने वाढविलेली वसाहत त्यानें बुडते. आजारी माशास वेगळ्या भांड्यांत नेऊनच उपचार करावा.

आमच्या येथील विद्यार्थ्यांस हें वाचून प्रवाळ आणण्याची इच्छा झाली तर तिला आवर घालावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या समुद्रांतील खडक रचणाऱ्या प्रवाळांस संरक्षण दिलें आहे; मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यांतून तुकडा तोडून आणणें हा गुन्हा आहे. परंतु कोपेपॉड पाहण्यास पेटी लागत नाहीं. सुटींत कोंकणांत गेलांत तर ओहोटीच्या वेळीं कातळांतील डबक्याचें थोडें पाणी पांढऱ्या बशींत घ्यावें, भिंगानें पाहावें, आणि त्याच डबक्यांत परत ओतावें. झटके देत चालणारा ठिपका दिसला तर तो बहुधा ह्याच कुळांतील.

आम्ही परत निघालों तेव्हां पेटींत दुसरा मँडरिन आला नव्हता. सहा महिने मोजणी उतरली नाहीं तरच आणावयाचा, आणि तोही समुद्रांतून पकडलेला नव्हे, तर माणसांच्या देखरेखींत जन्मलेला व गोठविलेलें खाणें खावयास शिकलेला, असें बापलेकींचें ठरलें होतें. असे मासे आतां विकत मिळतात. किंमत अधिक पडते. त्यानंतर आलेल्या पत्रांत वहीच्या एका पानाचें छायाचित्र होतें. सव्वीस शनिवारांचे आंकडे एकाखालीं एक लिहिलेले, मध्यंतरीं तीन आठवडे आंकडा बराच खालीं गेलेला, त्यापुढें “बाबांनीं पिशवी काढली नव्हती” असा शेरा, आणि शेवटच्या ओळींत आंकड्याऐवजीं लिहिलें होतें, “आजोबा, आज आणला. पोट गोल आहे.”